रेडिएशन सुरू होतंय? कुणाला काय विचारायचं, कुणाला काय सांगायचं

दादाच्या घशाच्या कॅन्सरवर ३५ दिवस रेडिएशन झालं. दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्याचं तोंड आतून सोलवटायला लागलं. डॉक्टरांची ओपीडी बुधवारी. मी त्याला म्हटलं, पाच दिवस कसेतरी काढ, मग विचारू. त्या पाच दिवसांत तो जवळजवळ जेवलाच नाही. बुधवारी डॉक्टर म्हणाले, "अहो, सिस्टरांना का नाही सांगितलंत? मशीनवर रोज येताय ना?" सिस्टरांची खोली मशीनच्या दारापासून दहा पावलांवर होती. आम्ही रोज तिच्यासमोरून जात होतो.

रेडिएशन एकट्या डॉक्टरांच्या हातून होत नाही. त्यामागे सात-आठ प्रकारची माणसं असतात आणि प्रत्येकाला रुग्णाची एकेक बाजू माहीत असते. या सगळ्यांचं आपापसात आपोआप बोलणं होतं, अशी माझी समजूत होती. काही बाबतींत होतंही. पण पुष्कळदा इकडचं तिकडे सांगणारा माणूस म्हणजे रुग्ण स्वतः किंवा त्याच्यासोबत येणारा नातेवाईक. ते काम कसं करायचं, तेवढंच खाली लिहिलंय. मी डॉक्टर नाही. डोस आणि औषधं तुमचे डॉक्टरच ठरवतील. माझा अनुभव घशाच्या कॅन्सरचा, त्यामुळे उदाहरणं त्या बाजूची जास्त आहेत. शरीराचा भाग बदलला की तपशील बदलतात, माणसं साधारण हीच राहतात.

१. आधी माणसं ओळखा

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट: तुमचे मुख्य डॉक्टर. रेडिएशन द्यायचं का, कुठे, किती, हे ते ठरवतात. सीटी स्कॅनच्या एकेका कापावर कॅन्सरची जागा आणि वाचवायचे अवयव (मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळे) तेच आखतात. भेट मात्र बहुतेक आठवड्यातून एकदाच होते.

मेडिकल फिजिसिस्ट: हे कदाचित तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. किरण कुठल्या कोनातून, किती सोडले म्हणजे डॉक्टरांनी आखलेल्या जागी ठरलेला डोस पोचेल आणि शेजारचं कमीत कमी भाजेल, याचं गणित त्यांच्याकडे असतं. मशीन ठरल्याप्रमाणे चालतंय की नाही, हेही तेच तपासतात.

रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट: रोज मशीनवर घेणारी माणसं. आम्ही सुरुवातीला त्यांना 'मशीन चालवणारे' समजत होतो. पूर्ण उपचारात रुग्णाला रोज, त्याच जागी, त्याच स्थितीत बघणारे तेवढेच असतात. काही बिनसलं तर पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतं.

नर्स: तोंडाचे फोड, त्वचा, ड्रेसिंग, नळीची निगा, दुखण्याच्या गोळ्यांच्या वेळा. रोजच्या त्रासासाठी पहिलं दार हेच.

आहारतज्ज्ञ: वजन हा त्यांचा विषय. 'काय खाऊ नये' याची यादी देणारी व्यक्ती अशी यांची ओळख डोक्यात असेल तर काढून टाका. इथे उलट काम असतं, कसंही करून पुरेसं पोटात जावं म्हणून खटपट.

स्पीच थेरपिस्ट: बोलण्याइतकंच गिळणंही यांच्याकडे असतं. डोके-मानेच्या रुग्णाने यांना रेडिएशनच्या आधी भेटायला हवं. आम्ही चौथ्या आठवड्यात भेटलो.

याशिवाय दंतवैद्य, केमो चालू असेल तर केमोचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि समाजसेवा विभाग. राहण्याची, प्रवासाची, पैशांची अडचण असेल तर समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जा. नड अंगावर आल्यावर गेलं की अर्ज, सह्या, कागद यांना वेळ उरत नाही.

एक नाव ऐकून लोक दचकतात, पॅलिएटिव्ह विभाग. तिकडे पाठवलं म्हणजे आता आशा संपली, असं आम्हालाही वाटलं होतं. प्रत्यक्षात दुखणं आणि इतर त्रास आटोक्यात आणण्यात ही माणसं तयार झालेली असतात, आणि पूर्ण बरं करण्यासाठीचा उपचार चालू असतानाही त्यांची मदत घेतात. दादाला रात्रीची झोप त्यांनीच परत मिळवून दिली.

२. ट्यूमर बोर्डात काय ठरलं, ते विचारा

मोठ्या रुग्णालयांत सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. आधी ऑपरेशन की आधी रेडिएशन, सोबत केमो हवी की नको, हे तिथे ठरतं. रुग्ण त्या खोलीत नसतो, म्हणून विचारायचं, "आमची केस बोर्डापुढे गेली होती का? काय ठरलं? फाइलमध्ये लिहिलंय का?" वेगवेगळ्या डॉक्टरांकडून वेगवेगळं ऐकू आलं तर कुणाचं खरं यावर घरी वाद घालत बसू नका. बोर्डाचा निर्णय काढून मुख्य डॉक्टरांपुढे ठेवा.

३. फाइल तयार करा

• बायोप्सीचा रिपोर्ट, आणि जमलं तर स्लाइड व ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) कुठे आहेत त्याची नोंद
• सीटी, एमआरआय, पेट स्कॅनचे रिपोर्ट आणि त्यांच्या सीडी. नुसता रिपोर्ट पुरत नाही, आखणीला चित्रं लागतात
• ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद आणि डिस्चार्जचा कागद
• पूर्वी कधीही, शरीरावर कुठेही रेडिएशन झालं असेल तर त्याचा तपशील
• चालू औषधांची यादी, ॲलर्जी
• ओळखपत्र, विमा किंवा योजनेचे कागद

चौथा मुद्दा लोक विसरतात. 'ते वीस वर्षांपूर्वीचं, आता काय त्याचं' असं म्हणून सोडू नका. एकदा डोस घेतलेल्या अवयवाला पुन्हा किती सोसेल, याचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. तसंच पेसमेकर असेल, गरोदरपणाची शक्यता असेल, पुढे मूल हवं असेल, तर हे कुणी विचारायची वाट न बघता पहिल्या भेटीतच सांगा. आणि घरगुती, वनस्पतीजन्य किंवा जीवनसत्त्वांच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर बाटलीच घेऊन जा. लपवण्यात फायदा नाही, तंबाखूचंही तेच. उपचार चालू असताना धूम्रपान केलं तर रेडिएशनचा गुण कमी येतो आणि त्रास वाढतो. सुटत नसेल तर तसं सांगा, सोडवायला मदत करणारे लोकही याच टीममध्ये असतात.

४. पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारा

उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? एकूण किती दिवस? सोबत केमो आहे का? कुठला त्रास केव्हा सुरू होईल? रात्री किंवा सुटीच्या दिवशी फोन कुणाला करायचा?

'किती दिवस' याचं उत्तर ऐकून शेजारच्या रुग्णाशी तुलना सुरू होते. ती करू नका. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप) एकच डोस पुष्कळदा पुरतो. स्तनाच्या कॅन्सरला १५ दिवस, निवडक रुग्णांना ५ दिवसही देतात. डोके-मानेला ऑपरेशनशिवाय साधारण ७० ग्रे, ३५ भागांत, आठवड्याचे पाच दिवस धरून सात आठवडे. कमी दिवस म्हणजे आजार हलका आणि जास्त दिवस म्हणजे गंभीर, असा अर्थ त्यातून निघत नाही.

५. डोके-मानेचं रेडिएशन असेल तर आधी दात

हे थोडक्यात सांगते, पण टाळू नका. किरणांनी लाळ कमी होते, दात लवकर किडतात, आणि जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कायमची घटते. नंतर दात काढला तर जखम न भरता हाडच खराब होण्याचा धोका असतो. म्हणून काढायचे दात आधी काढतात आणि जखम भरायला साधारण दोन-तीन आठवडे देतात. कॅन्सरचं नाव ऐकल्यावर दंतवैद्याकडे जाणं लोकांना फालतू वाटतं. रेडिएशन ठरण्याची शक्यता दिसताच वेळ घ्या, म्हणजे दातांपायी मुख्य उपचार लांबत नाही.

६. मास्क, सीटी आणि मग वाट बघणं

पहिल्या दिवशी उपचार होत नाही, मापं घेतात. प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणतात. ती ओली, कोमट लागते आणि काही मिनिटांत घट्ट होते. श्वास जाळीतून घेता येतो. हाच मास्क रोज टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं रोज त्याच जागी राहतं. छाती किंवा पोटाच्या रुग्णांना मास्कऐवजी त्वचेवर खुणा करतात. खुणा पुसट झाल्या तर स्वतः पेनने गिरवू नका, टेक्नॉलॉजिस्टना सांगा. प्रोस्टेटच्या रुग्णांना ठरावीक पाणी पिऊन मूत्राशय भरून यायला सांगतात, डाव्या स्तनासाठी काही ठिकाणी श्वास रोखून धरायला शिकवतात, म्हणजे हृदय किरणांपासून लांब राहतं.

बंद जागेची भीती असेल तर मास्क करण्याआधीच सांगा. दादाने मर्दुमकी दाखवून सांगितलं नाही आणि टेबलावर गुदमरला. नंतर कळलं की डोळ्यांपुरता मास्क कापता येतो का ते बघतात, गाणी लावतात, समुपदेशक सराव करून घेतात, गरज पडली तर अर्धा तास आधी सौम्य गोळी देतात.

मग आठवडा, कधी दोन आठवडे काहीच होत नाही. घरात धुसफूस इथेच सुरू होते, 'कॅन्सर आहे आणि हे लोक बसवून ठेवतात'. या दिवसांत डॉक्टर आखणी करत असतात, फिजिसिस्ट प्लॅन बनवत असतात, तो तपासला जातो, प्रत्यक्ष मशीनवरही पडताळून बघतात. विचारायचंच असेल तर "प्लॅन कुठल्या टप्प्यावर आहे?" असं विचारा, नेमकं उत्तर मिळतं.

७. मशीनवरचे दिवस

खोलीत दहा ते वीस मिनिटं, त्यातला बराच वेळ नीट झोपवण्यात आणि स्कॅन काढून जागा जुळवण्यात जातो. किरण प्रत्यक्षात काही मिनिटंच चालू असतात. ते दिसत नाहीत, लागत नाहीत. टेक्नॉलॉजिस्ट बाहेर जातात, पण कॅमेऱ्यातून बघत असतात. हात वर केला की थांबवतात. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडांना मांडीवर घेता येतं, ताट-वाटी वेगळी करायची गरज नसते. शरीरात किरणांचे दाणे कायमचे बसवले असतील तर नियम वेगळे, ते विचारून घ्या.

८. एक वही करा

मोबाइल नको, वहीच बरी, कारण ती कुणाच्याही पुढे उघडून ठेवता येते. रोज चार ओळी: आजचा कितवा दिवस, काय आणि साधारण किती खाल्लं, दुखणं दहापैकी किती, नवीन काय झालं. वजन आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर. कुणी काय सांगितलं ते नावासकट आणि तारखेसकट. आमच्या वहीत एका पानावर आहारतज्ज्ञांचं 'दर दोन तासांनी थोडं थोडं' होतं आणि दुसऱ्यावर केमोच्या डॉक्टरांचं उलटीच्या गोळीचं वेळापत्रक. दोन्ही एकमेकांशी जमत नव्हती. वही पुढे ठेवली तेव्हा पाच मिनिटांत मार्ग निघाला.

९. कुठला त्रास कुठल्या दारात

तोंडाचे फोड, त्वचा लाल होणं किंवा सोलणं: त्याच दिवशी नर्स. मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश बंद, त्वचेला कोमट पाणी आणि हलका हात, ब्लेडने दाढी नको, शेक किंवा बर्फ नको. क्रीम त्यांना विचारूनच.

वजन उतरणं, चव जाणं, अन्न नकोसं होणं: आहारतज्ज्ञ.

ठसका लागणं, पाणी पिताना खोकला येणं: स्पीच थेरपिस्ट, आणि डॉक्टरांनाही. अन्न श्वासनलिकेत जात असण्याची ती खूण असते. तोंड उघडायला अडतंय का, हे आपल्याच तीन बोटांनी बघा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर व्यायाम लगेच विचारा.

कानात शिट्टी वाजणं, लघवी कमी होणं, सतत उलट्या: केमोचे डॉक्टर. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर हे हमखास सांगायचं.

केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, रक्तस्राव, श्वासाला त्रास: वही नाही, ओपीडी नाही, त्याच तासाला फोन किंवा आपत्कालीन विभाग. रात्र असली तरी.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल एक. मॉर्फिनचं नाव निघालं की घरचे 'सवय लागेल' म्हणून गोळ्या वाचवून ठेवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली गोळी त्रास ओसरला की हळूहळू कमी करतात. न घेतल्यामुळे गिळणं थांबतं, गिळणं थांबलं की वजन जातं, आणि मग पुढचं सगळंच घसरतं. मात्र तिच्यासोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

आता मास्कची गोष्ट. चौथ्या आठवड्यात दादा खुशीत बाहेर आला, "आज मास्क अजिबात टोचला नाही." मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी टेक्नॉलॉजिस्टने बाहेर येऊन विचारलं, "यांचं वजन किती उतरलंय?" मास्क सैल झाला होता. गालफडं आत गेली होती, आणि सुरुवातीला केलेला प्लॅन त्या जुन्या, भरलेल्या चेहऱ्यासाठी होता. चेहरा मास्कमध्ये हलला किंवा आतले अवयव सरकले तर डोस ठरल्या जागी पडत नाही. त्यांनी डॉक्टरांना कळवलं, नवा मास्क, नवा सीटी, फिजिसिस्टनी प्लॅन पुन्हा केला. आहारतज्ज्ञांना बोलावलं, त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या आठवड्यापासून अर्धंच खातायत, मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. माझंच उत्तर मला विचित्र वाटलं. नाकातून नळी घालायचं दोन दिवसांत ठरलं. नळी म्हणजे हार, असं दादाचं मत होतं. नळीतून तीन दिवस पोटभर गेल्यावर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

म्हणून मास्क सैल लागला, कपडे सैल झाले, खूण सरकल्यासारखी वाटली, तर 'छान झालं' म्हणून सोडू नका. मशीनवर चढण्याआधी सांगा.

१०. दिवस चुकवू नका, चुकला तर भरून काढा

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, दोन दिवस विश्रांती घेऊ. इथे ठाम राहा. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये उरलेल्या पेशी उपचार चालू असतानाच जोमाने वाढू लागतात. एकूण उपचार एक दिवस लांबला तरी कॅन्सर आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ ते १.४ टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्येही बाहेरचं आणि आतलं (किरणांचा स्रोत शरीरात ठेवून दिलेलं) रेडिएशन मिळून आठ आठवड्यांत संपवण्याचा प्रयत्न असतो. मशीन बंद पडलं किंवा सुटी आली तर विचारा, "हा दिवस कसा भरून काढणार?" काही वेळा शनिवारी देतात, काही वेळा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. शेवटी एक दिवस वाढवणं सगळ्यांना सोपं असतं, म्हणून न विचारता तेच होऊ शकतं. थकवा असह्य असेल तर घरी बसून राहू नका, त्या अवस्थेतच जा. तिथे बघायला माणसं आहेत.

११. शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने निघू नका

लोक पेढे घेऊन जातात आणि कागद न घेता परत येतात. खरं तर त्रास शेवटच्या दिवशी थांबत नाही, पुढचे एक-दोन आठवडे तो सर्वांत जास्त असू शकतो. आणि नेमकी तेव्हाच रोज बघणारी सगळी माणसं एकदम नाहीशी होतात. निघण्याआधी तीन गोष्टी मागा: त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, पहिली भेट केव्हा, आणि उपचाराचा सारांश. त्यात कुठल्या भागाला, किती ग्रे, किती भागांत, कोणत्या तारखांना दिलं आणि सोबत कुठली केमो झाली, हे हवं.

पुढचं थोडं. केमो-रेडिएशननंतरचा पेट स्कॅन सहसा बारा आठवड्यांनी करतात. घाईने आधी केला तर सूजच चमकते आणि उगाच घाबरगुंडी उडते. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करत राहावी लागते. जबड्याचे आणि गिळण्याचे व्यायाम चालू ठेवा. दातांना फ्लोराइड कायमचं.

दोन वर्षांनी दादाची खालची दाढ दुखायला लागली. नव्या दंतवैद्यांनी काढायचं ठरवलं होतं. आम्ही रेडिएशनचा सारांश पुढे ठेवला, त्यांनी जबड्याच्या त्या बाजूला किती डोस गेला ते विचारलं आणि आमच्यासमोरच रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन लावला. दाढ काढली नाही, रूट कॅनाल केलं.